बिडाचा तवा नळाखाली धरला आणि तडकला. नेमकं काय चुकलं?

जास्वंद_फोंडा

नमस्कार. परवा संध्याकाळी माझ्या हातून घरातला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा तडकला. दोन रात्री नीट झोप लागलेली नाही, म्हणून इथे विचारते आहे.

तवा आजेसासूबाईंच्या वेळचा. सासूबाई १९८१ साली लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो चुलीवर होताच. काल मुद्दाम मोजला. आडवा ३० सेंटीमीटर, काठ ७ मिलिमीटर जाड, वजन साडेतीन किलोच्या आसपास, दोन बाजूंना दोन कान. त्यावर फक्त पोळे (घावनासारखे) आणि तांदळाची भाकरी. मासळी त्यावर कधी चढली नाही, त्यासाठी वेगळी काईल आहे. चवथीला घरी पंचवीस माणसं असतात आणि पंचमीच्या सकाळी याच तव्यावर पोळे होतात.

परवा धो धो पाऊस, वीज गेलेली, पाहुणे बसलेले. मोबाईलच्या उजेडात पोळे काढत होते. घाई होती म्हणून गॅस पूर्ण मोठा ठेवला. शेवटचा पोळा चिकटला आणि जळायला लागला, स्वयंपाकघरभर धूर. मी फडक्याने दोन्ही कान धरून तवा उचलला आणि सिंकमध्ये नळाखाली तिरका धरला. आधी चर्र आवाज, वाफेचा लोट. दोन-तीन क्षण गेले असतील, आणि ठण्ण करून आवाज झाला. देवळातली घंटा वाजावी तसा. तवा पुसून पाहिला तर एका कानाच्या शेजारून, काठापासून आत मधल्या भागाकडे, केसाएवढी चीर गेलेली. चार बोटं लांब.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. तवा हातात घेऊन त्या चिरेवरून बोट फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला समजून घ्यायचं आहे की हे का झालं. इतकी वर्षं हा तवा रोज तापला, रोज धुतला गेला, तेव्हा कसा नाही तडकला? आणि वेल्डिंग करून तो वाचवता येईल का? फोंड्यात एकाला विचारलं, तो म्हणाला "करून देतो, पण गॅरंटी नाही."

केपेचा_दादा

ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे स्टीलच्या कढईचं असंच झालं होतं. फोडणी जळली म्हणून बायकोने कढईत तांब्याभर पाणी ओतलं. "धब्ब" असा आवाज झाला आणि बुडाला पोक आलं. तेव्हापासून ती शेगडीवर डुलते आणि तेल सगळं कडेला जमतं. पण तडकली मात्र नाही. तुमचा तवा तिच्या तिप्पट जाड, तरी त्याला चीर गेली. जाड भांडं जास्त टिकायला नको का? हे मलाही कोणीतरी सांगा.

ओतकामवाला

जास्वंदताई, मी ३१ वर्षं बिडाच्या ओतशाळेत काम केलं, गोव्यातल्याच एका औद्योगिक वसाहतीत. पंपांची कवचं, मॅनहोलची झाकणं, यंत्रांचे पाये ओतले. आता निवृत्त आहे. तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की तवा न बघताही बरंच सांगता येईल. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. भांडं उष्णतेने तडकत नाही. एकाच भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा गार असला की तडकतं. धातू तापला की फुगतो. बिडाचा ३० सेंटीमीटरचा तवा २०० अंशांनी तापला तर जवळपास पाऊण मिलिमीटर रुंद होतो. डोळ्यांना दिसत नाही. सगळा तवा एकदम फुगला आणि एकदम आकसला तर त्याला काहीच त्रास नाही, शंभर वर्षं फुगू-आकसू दे. त्रास होतो तो अर्धा तवा आकसायला बघतो आणि उरलेला अर्धा त्याला आकसू देत नाही तेव्हा.

तुम्ही तवा तिरका धरला. म्हणजे पाणी आधी काठावर पडलं. काठ झटक्यात गार झाला आणि आकसायला लागला. पण मधला भाग अजून फुगलेलाच. काठ म्हणजे एक कडं समजा. कड्याला लहान व्हायचंय आणि आत एक मोठी तापलेली चकती अडून बसलेली आहे. मग कडं ताणलं जातं. जिथे सर्वांत कमजोर असेल तिथे तुटतं, आणि चीर काठाकडून मध्याकडे धावते. तुमची चीर अगदी तशीच गेली आहे. कानाच्या शेजारून गेली यातही नवल नाही. कान जाड, तवा त्याच्या मानाने पातळ. जाड भाग हळू गार होतो, पातळ पटकन. त्या सांध्यावर कायमची ओढाताण असते. ओतकामात आम्ही जाड-पातळ जिथे मिळतात तिथे गोलाई ठेवतो ती याचसाठी. जुन्या तव्यांना ती गोलाई बऱ्याचदा नसते, कान सरळ चिकटवल्यासारखा असतो.

आता केपेच्या दादांचा प्रश्न. जाडीवर जाऊ नका, धातूच्या स्वभावावर जा. बिडात कार्बन असतो २ ते ४ टक्के, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. तेच ग्राफाइट, शिसपेन्सिलीतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर लोखंडात हजारो बारीक काळ्या भेगा असल्यासारखं दिसतं. दाबलं तर बीड खूप सोसतं, म्हणून यंत्रांचे पाये बिडाचे करतात. पण ताणलं तर त्या पापुद्र्यांच्या टोकांपासून फाटायला सुरुवात होते. दाब सोसण्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या तीन-चार पट असते. भारतीय मानकात करड्या बिडाचे दर्जे एफजी १५०, एफजी २०० असे लिहितात. त्यातला १५० म्हणजे एका चौरस मिलिमीटरने सोसायचे न्यूटन. सोप्या भाषेत, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या काडीला साधारण १५ किलो टांगले की ती तुटते.

आणि बीड जखडून ठेवून १०० अंशांनी गार केलं तर त्यात किती ताण येतो? एका चौरस मिलिमीटरला जवळपास ११ किलो. १४० अंशांना १५ किलो. तुमचा तवा धूर काढत होता म्हणजे २५० च्या आसपास गेलेला, नळाचं पाणी पावसाळ्यातलं २७ धरा. फरक २२० अंशांचा. काठ काही पूर्ण जखडलेला नसतो, थोडा सरकतो, म्हणून प्रत्येक वेळी तुटत नाही. पण तुम्ही डोंगरकड्याच्या अगदी टोकावर उभ्या होतात.

स्टीलच्या कढईत ताण इतका झाला की ती वाकते. चिवट धातू आहे, तुटण्याआधी बराच लांबतो. बीड एक टक्काही लांबत नाही. म्हणून स्टीलला पोक येतं आणि बिडाला तडा जातो. उलट स्टील बिडापेक्षा जास्त फुगतं, दीडपट, आणि उष्णता मात्र बिडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच पसरवतं. म्हणून बुडाचा मधला भाग एकटाच तापून फुगतो, बाजूचा भाग त्याला जागा देत नाही, मग तो वर किंवा खाली उमलतो. तांब्याभर पाण्याने तेच एका क्षणात उलट्या बाजूने केलं.

आता तुमचे ते दोन-तीन क्षण. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तवा खूप तापला की त्यावर पाण्याचा थेंब नाचतो, हे तुम्ही रोज बघता. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी धातूला टेकतच नाही. ही गादी साधारण २०० अंशांच्या वर टिकते. तवा थोडा निवला की गादी मोडते आणि पाणी थेट धातूला भिडतं. खरा मार तेव्हा बसतो. १ ग्रॅम पाणी २७ वरून १०० अंशांपर्यंत तापायला ७३ कॅलरी घेतं, पण त्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी घेतं. एवढी उष्णता काठातून ओढली जाते. म्हणून आधी चर्र आणि मग ठण्ण.

एक आठवण सांगतो. १९९० च्या सुमारास आमच्याकडे एक मोठं पंपाचं कवच ओतलं होतं. नियम असा की साचा रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी फोडायचा. त्या दिवशी माल लवकर हवा होता म्हणून संध्याकाळीच साचा फोडला. जूनचे दिवस, छपराला एक भोक. रात्री पाऊस आला आणि त्या भोकातून कवचावर थेंब थेंब पाणी पडत राहिलं. मी रात्रपाळीला होतो. पहाटे तीनच्या सुमाराला बंदुकीसारखा आवाज झाला. कवचाच्या गळ्यापासून खालपर्यंत चीर. नुसत्या थेंबांनी, चारशे किलोच्या मालाला. त्या दिवसापासून गरम बिडाजवळ मी ओलं फडकंसुद्धा नेलेलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे इतकी वर्षं का नाही, याचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. घरात गॅस कधी आला? आणि चीर पुढे वाढली आहे का? तवा वेगळा झाला असेल तर तुटलेली कड उजेडात नीट बघा आणि तिचा रंग कसा आहे ते सांगा. अजून पाणी लावू नका, पुसू नका.

वेल्डिंगचं म्हणाल तर बिडाला निकेलच्या कांड्यांनी वेल्डिंग होतं, आम्ही करायचो. आधी सगळा तुकडा तापवायचा, थोडं थोडं वेल्डिंग करायचं आणि मग राखेत पुरून हळू गार होऊ द्यायचं. यंत्राच्या पायाला ते चालतं, कारण तो पाया परत तापत नाही. तवा रोज तापणार. सांध्याच्या शेजारी पुन्हा चीर जाणार, आणि तेव्हा तो उकळतं तेल असताना हातात सुटला तर? करू नका.

म्हापशाची_खाणावळ

ओतकामवाले काका, नमस्कार. माझी बावीस वर्षं खाणावळ आहे. तुमचं वाचून माझ्या दोन-तीन गोष्टी जुळल्या, पण एक जुळत नाही.

आमच्याकडे ॲल्युमिनियमचे मोठे टोप आहेत, पातळ पत्र्याचे. भात काढला की मुलगा लगेच टोप ओल्या लादीवर ठेवायचा आणि पाइपने पाणी सोडायचा. दोन वर्षांत सगळ्यांची बुडं गोल झाली. आता मी चुंबळ करून ठेवल्यात, सुतळीच्या. टोप खाली उतरला की चुंबळीवर, आणि अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. नवीन टोपांची बुडं अजून सपाट आहेत.

पितळी पातेल्याचं वेगळंच झालं. रिकामं पातेलं मोठ्या जाळावर राहिलं आणि आतली कल्हई वितळून थेंब थेंब होऊन एका बाजूला गोळा झाली. कल्हईवाल्याला दाखवलं, तो म्हणाला कथील २३२ अंशांनाच वितळतं, पातेल्यात काही ओतल्याशिवाय जाळ लावायचाच नाही.

जे जुळत नाही ते असं. माझ्या डोशाच्या तव्यावर दर दोन डोशांनी आम्ही पाणी शिंपडतो आणि झाडूने पुसतो. बावीस वर्षं. तो का तडकत नाही? आणि कुकर? शिट्ट्या झाल्या की आम्ही सगळ्याच तो नळाखाली धरतो.

ओतकामवाला

खाणावळवाल्या ताई, तुमचा डोशाचा तवा बिडाचा नाही. तो लाटलेल्या पोलादाचा पत्रा आहे, १२ किंवा १६ मिलिमीटरचा असेल. चिवट. शिवाय खाली बर्नर सगळ्या पत्र्याभर आहे, त्यामुळे तो सगळीकडे सारखाच तापलेला असतो. आणि तुम्ही पाणी शिंपडता, ओतत नाही. ओंजळभर पाणी सगळ्या पत्र्यावर पसरतं आणि उडून जातं, फक्त वरची कातडी निवते. मुठीएवढ्या जागेवर तांब्याभर पाणी पडलं असतं तर तो पत्राही वाकला असता. तुमच्या तव्याचा मधला भाग किंचित खोलगट झालेला असेल, पट्टी आडवी ठेवून बघा.

कुकरचं गणित वेगळं. आत पाणी असेपर्यंत कुकर १२० अंशांच्या फार वर जात नाही, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या चौपटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं, त्यामुळे एका जागी फरक साचत नाही. पण कुकरमधलं पाणी संपून तो कोरडा जळला असेल तर गॅस बंद करा आणि त्याच्याजवळ जाऊ नका. नळ नाही, ओलं फडकं नाही. तो आपोआप निवू द्या आणि शिट्टी-रबराबरोबर सुरक्षा झडपही बदला.

चुंबळीचं फार चांगलं केलंत. ओली लादी म्हणजे बुडाला एकदम पाणी लावल्यासारखंच. आमच्या आईकडे मातीचं कुंडलं चुलीवरून उतरलं की नारळाच्या काथ्याच्या चुंबळीवरच बसायचं. मातीला आणि बिडाला एकच नियम.

कासाराची_नात

माझं आजोळ कासारांचं. मला इथे एक उलटी गोष्ट सांगायची आहे, कारण ती मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे आणि आज काकांचं वाचेपर्यंत तिचा अर्थ लागला नव्हता.

कांशाची थाळी घडवताना आजोबा ती भट्टीत लाल करायचे आणि तशीच्या तशी पाण्याच्या हौदात सोडायचे. मी घाबरून कान झाकायचे. ते म्हणायचे, पाण्यात नाही टाकली तर ही काचेसारखी फुटेल. म्हणजे हळू गार झालेलं कांसं ठिसूळ, आणि झटक्यात गार केलेलं चिवट. कांशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. काका, बिडाला जे मारतं ते कांशाला तारतं कसं?

तयार झालेलं कांसं मात्र आजोबा कधी विस्तवावर चढवू देत नसत. त्यात वाढायचं, शिजवायचं नाही.

ओतकामवाला

तुमच्या आजोबांना हे पिढीजात माहीत होतं, प्रयोगशाळेत त्याचं कारण नंतर सापडलं. एवढ्या कथिलाचं मिश्रण हळू निवलं की त्यात एक कठीण, ठिसूळ रचना तयार होते. लाल असताना पाण्यात बुडवलं तर ती तयार व्हायला वेळच मिळत नाही. मग थाळी त्या पाण्यातच का फुटत नाही? कारण ती पातळ आहे, सगळीकडे सारखी लाल आहे, आणि सगळीच्या सगळी एकदम पाण्यात जाते. तिरकी धरून एक कड आधी बुडवली असती तर आजोबांनाही तडा ऐकू आला असता. तुम्हाला आठवत असेल तर सांगा, थाळी आडवी सोडायचे की उभी?

कासाराची_नात

उभी. चिमट्यात धरून, सरळ उभी, एका दमात. कधीच तिरकी नाही. आणि ते असं का करायचे हे आज कळलं, काका.

जास्वंद_फोंडा

ओतकामवाले काका, तुम्ही विचारलं होतं त्याचं सांगते. घरात गॅस १९९४ साली आला. त्याआधी तवा चुलीवरच. सासूबाई म्हणतात, चुलीवर काम झालं की तवा तिथेच वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडचुलीवर, ठेवून द्यायच्या, निखारे विझेपर्यंत. सकाळी उठून कोरड्या काथ्याने घासायचा, आणि तेल लावायचं ते नारळाच्या शेंडीने. तव्याला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कोमट. गॅस आल्यावर शेगडी मोकळी करायची घाई असते, दुसरं काही चढवायचं असतं, म्हणून तवा उतरवून सिंकमध्ये. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो असाच धुतला आहे, कधी कोमट असताना, कधी चांगला गरम असताना. मला कोणी अडवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

चीर वाढली. काल माझ्या यजमानांनी तवा एका कानाने उचलला आणि तो सरळ दोन तुकडे होऊन खाली आला. मी तुटलेली कड खिडकीत नेऊन बघितली. काठापासून आत अंगठ्याच्या नखाएवढा भाग काळा आहे, तेलकट काळा, तव्याच्या पाठीसारखा. त्याच्यापुढे सगळी कड करडी, दाणेदार, चमकणारी. दोन्हीच्या मध्ये अगदी रेघ मारल्यासारखी सीमा आहे. फोटो काढला आहे, पण इथे चढत नाहीये.

ओतकामवाला

फोटोची गरज नाही. तुम्ही जे लिहिलंत तेच मला ऐकायचं होतं.

करडा, चमकणारा भाग परवाचा आहे. बीड ताजं तुटलं की असंच दिसतं, त्यावरूनच त्याला करडं बीड म्हणतात. काळा भाग परवाचा नाही. तिथे तेल शिरलं, जळलं, पुन्हा शिरलं, पुन्हा जळलं. असा थर बसायला कित्येक महिने लागतात, बहुधा काही वर्षं. म्हणजे काठाला नखाएवढी चीर आधीपासून होती आणि तवा ती घेऊन रोज काम करत होता.

ती का पडली असावी, तेही तुमच्या लिहिण्यातच आहे. चुलीचा जाळ रुंद, तव्याच्या काठापर्यंत पोचणारा, आणि काम झाल्यावर निखाऱ्यांवर रात्रभर हळूहळू निवणं. आम्ही साचा रात्रभर बंद ठेवायचो, तुमच्या सासूबाई तेच करत होत्या. गॅसची ज्योत म्हणजे मध्ये बांगडीएवढं वर्तुळ. ३० सेंटीमीटरच्या तव्याचा मध्य तापतो आणि काठ मागे राहतो, कारण बीड उष्णता हळू पसरवतं. मोठ्या आचेवर मध्य फुगून काठाला बाहेर ढकलतो, काठ ताणला जातो. दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं. प्रत्येक वेळी चीर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, पण पुढे. परवाच्या पाण्याने शेवटचं काम केलं. पाणी नसतं तर याच पावसाळ्यात किंवा पुढच्या चवथीला तो शेगडीवरच गेला असता, कदाचित भरल्या घरात. हे सासूबाईंना दाखवा. काळी कड त्यांच्या हातात द्या.

नवीन तवा घेणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. विकत घेताना तो एका कानाने बोटावर लटकवा आणि लाकडी दांडक्याने हलकेच वाजवा. धड तवा खणखणतो आणि आवाज लांबत जातो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. आणि कानाच्या सांध्यावर बोट फिरवून बघा, तिथे गोलाई हवी, कोपरा नको.

घरात बिडाची दुसरी भांडी असतील, आप्पेपात्र वगैरे, तर तीही तपासा. आम्ही ओतशाळेत असं करायचो: गार भांड्याला रॉकेल लावायचं, दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत उमटतं, काळी रेघ दिसते. नंतर भांडं साबणाच्या कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, बारीक आचेवर सुकवायचं आणि पुन्हा तेल द्यायचं.

वापरायचं म्हणजे असं. मोठ्या बर्नरवर बारीक आच, पाच-सहा मिनिटं, मध्ये दोनदा तवा फिरवायचा. काठाला हात जवळ नेला की ऊब लागली पाहिजे, मगच आच वाढवायची. पोळा जळला तर गॅस बंद करायचा आणि जळू द्यायचा. अर्ध्या कांद्याला तेल लावून घासा, निघतो. नाहीच निघाला तर तवा हाताला सोसेल एवढा निवल्यावर गरम पाणी. गार कधीच नाही.

केपेचा_दादा

काका, आमच्या कढईचं पोक काढता येईल का? लाकडी हातोड्याने?

ओतकामवाला

एकसंध पत्र्याची असेल तर सपाट लाकडावर पालथी ठेवून, मध्ये जाड फडकं घालून हळूहळू ठोका. थोडं बसेल. पण एकदा ताणलेला पत्रा तापला की पुन्हा तिथेच उमलतो. बुडाला ॲल्युमिनियमची चकती चिकटवलेली असेल तर ठोकू नका, चकती सुटेल. आणि इंडक्शनवर तर वापरूच नका. बूड काचेला टेकत नाही, त्यामुळे खालच्या सेन्सरला कढई खरी किती तापली ते कळत नाही.

जास्वंद_फोंडा

काळी कड सासूबाईंना दाखवली. चष्मा लावून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, गेल्या वर्षी चवथीच्या वेळी याच कानाजवळ पोळा नेहमी चिकटायचा, मला वाटायचं पीठ पातळ होतंय. तिथेच चीर होती म्हणायची. नंतर मला म्हणाल्या, "तू रडू नकोस आता." मी काही सांगितलं नव्हतं त्यांना.

काल शुक्रवार, म्हणून दोघी म्हापशाच्या बाजारात गेलो. सासूबाईंनी पाच तवे लटकवून वाजवले. विकणारी बाई आधी बघत राहिली, मग तिने स्वतःच आतून दोन आणखी आणून दिले. दोन बद्द वाजले. जो घेतला त्याचा आवाज मी मोजला, मनातल्या मनात सातपर्यंत मोजेस्तोवर ऐकू येत होता. कानाला गोलाई आहे.

आप्पेपात्राला रॉकेल आणि खडू लावून पाहिला. काही उमटलं नाही. तुकडे टाकायचे नाहीत असं ठरलं आहे. मोठा तुकडा न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखालच्या चुलीत निखारे ओढून ठेवायला सासूबाईंनी घेतला, छोटा माझ्याकडे आहे.

आज सकाळी नव्या तव्यावर पहिला पोळा चिकटला, दुसरा अर्धा सुटला, पाचवा अख्खा आला. तवा अजून शेगडीवरच आहे. पाऊण तास झाला गॅस बंद करून, आत्ताच हात लावून बघितला, काठ कोमट आहे, मध्य अजून गरम.